कपाटातली नवी बॅटरी

"बॅटरी चांगली आहे," हे वाक्य मी त्या दिवशी निदान सहा वेळा म्हटलं असेल. पहिल्यांदा सहज, मग चिडून, शेवटी ओरडून. काय काय बिघडलं असू शकतं याची यादी माझ्या डोक्यात तयार होती. तीत बॅटरी नव्हती.

मी लातूरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकल शिकवते. लातूरला शिकवते म्हटलं की लोकांना डॉक्टरकीच्या परीक्षेचे क्लास आठवतात. आमच्याकडे येणाऱ्या पोरी त्या रांगेतून बाहेर पडलेल्या असतात, किंवा त्या रांगेत कधी उभ्याच राहिलेल्या नसतात. मला त्याचं काही वाटत नाही. त्यांना स्क्रू पिळता येतो, एवढं मला पुरतं.

रोबो स्पर्धेचं काम माझ्याकडे कसं आलं ते सांगण्यासारखं नाही. प्राचार्यांनी बोलावलं, "मुलींची टीम करा, चांगलं दिसतं," असं म्हणाले आणि मी केली. तीन वर्षं आम्ही जात होतो आणि रिकाम्या हातानं येत होतो. चौथ्या वर्षी रोबो बरा झाला होता. चार चाकं, चार मोटारी, पुढं चेंडू उचलणारा एक हात. मैदानात दोन मिनिटं मिळतात. पहिले पंधरा सेकंद रोबोनं आपलं आपण चालायचं, कुणी हात लावायचा नाही. मग ड्रायव्हर रिमोट घेऊन चालवतो. चेंडू गोळा करायचे, पेटीत टाकायचे, शेवटी उतारावर चढून थांबायचं. असे तीन सामने, आणि तिन्हींचे गुण मिळून वरच्या टीम पुण्याला जातात.

आमच्या ड्रायव्हरला सगळे देवणीची म्हणत. प्रोग्रॅम लिहिणारी ती मुरुडची. आमच्या होस्टेलात गावावरूनच हाक मारतात, त्यामुळे मीही तसंच म्हणते. देवणीची तिसऱ्या वर्षाला होती. म्हणजे हे तिचं शेवटचं वर्ष. उभ्या विटांना दोन्ही बाजूंनी दोरी बांधून मधल्या अरुंद वाटेतून रोबो उलटा काढायचा, अशी मी ड्रायव्हरची निवड ठेवली होती. बाकीच्यांनी विटा पाडल्या. तिनं दोरीला स्पर्शसुद्धा केला नाही. तिला म्हटलं, "कुठं शिकलीस गं?" ती म्हणाली, "ट्रॅक्टरची ट्रॉली उलटी लावते ना मी, मॅडम. त्याच्याहून सोपं हाय हे."

सरावाला आमच्याकडे एक जुनी बॅटरी होती. यूपीएसमध्ये असते तशी, बंद डब्याची, बारा व्होल्टची. कोपरे घासलेले, वरचं लेबल निघालेलं. ती रोज चार्ज व्हायची, रोज पोरी तिचा जीव काढायच्या. आणि दुसरी एक नवी कोरी बॅटरी होती. ती मार्चमध्ये आली होती, कारण मार्चअखेर अनुदान खर्च केलं नाही तर ते परत जातं. ती मी खोक्यासकट माझ्या लोखंडी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

पोरींनी दोनदा मागितली. मी दिली नाही. "स्पर्धेला काढायची," म्हटलं. "आत्ता तुम्ही तिची वाट लावाल."

हे मी काही विचार करून केलं नाही. आमच्या घरात तसंच होतं, अजूनही आहे. चांगली चादर पाहुण्यांसाठी, चांगले कप काचेच्या कपाटात, सोफ्यावरचं प्लास्टिक तीन वर्षं तसंच. नवी वस्तू आली की आधी तिला जपायचं, वापरायचं नंतर बघू. आमच्या प्रयोगशाळेतले मामाही त्याच मताचे. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. ते कपाटाशेजारून जाताना खोक्यावरची धूळ पुसायचे आणि म्हणायचे, "नवरी हाय ही. लग्नाच्या दिवशीच भाईर काढायची."

एकदा सरावात देवणीचीनं विचारलं होतं, "मॅडम, ही बॅटरी चांगली का वाईट हे कसं कळतं?"

मामांनी मीटर लावला. "बारा पॉईंट पाच. चांगली."

"पण मोटर चालू न्हाई ना आत्ता," ती म्हणाली. "आमच्या शेतात स्टार्टरच्या पेटीवर मीटर हाय. मोटर बंद असली की चारशेच्या वर दाखवतो. अण्णा बटण दाबतेत की काटा असा पडतो, साडेतीनशेच्या खाली. मग मोटर नुसती घूं करते. मोटर बंद असताना मीटर सगळ्यालाच चांगलं म्हणतो, मॅडम."

मी म्हटलं, "ती एसी, ही डीसी. वेगळं प्रकरण आहे. जा, चाकं पूस."

त्याच आठवड्यात मी दुसऱ्या वर्षाला बॅटरीचा अंतर्गत रोध शिकवला होता. फळ्यावर आकृती काढून. भार जोडला की व्होल्टेज का पडतं, हे तेच प्रकरण आहे. मला तेव्हा सुचलं नाही. आता रोज सुचतं.

स्पर्धा जानेवारीत, नांदेडला. एका कॉलेजच्या हॉलमध्ये. आदल्या दिवशी मी कुलूप काढलं, खोकं बाहेर आलं. चार्जरला लावली आणि पाऊण तासात हिरवा दिवा लागला. जुनीला पाच-पाच तास लागायचे.

"बघा," मी म्हटलं, "नवी वस्तू ती नवी वस्तू."

मामा म्हणाले, "लईच चपळ हाय नवरी."

खरं तर तिथंच मला कळायला हवं होतं. जिच्यात जागाच उरली नाही ती लवकर भरते. वर्गात एखाद्या पोरीनं हे सांगितलं असतं तर मी तिला शाबासकी दिली असती.

सकाळी जीपमध्ये सामान भरताना मामांनी जुनी बॅटरीही उचलली. मी म्हटलं, "ती कशाला? वजन आहे." ते म्हणाले, "असू द्या, मॅडम. पायाखाली ठेवतो." अहमदपूर गेलं, लोहा गेलं, विष्णुपुरी आली तेव्हा पोरी केस विंचरत होत्या. सगळ्या खुशीत होत्या. मीसुद्धा.

पहिला सामना. पंधरा सेकंदांच्या स्वतःच्या चालीत रोबोनं रेषेपर्यंत जायचं होतं. तो अर्ध्यातच थांबला. मुरुडचीनं तोंडावर हात ठेवला. तिच्या प्रोग्रॅममध्ये वेळ मोजलेली असते; इतके सेकंद मोटर चालव, मग थांब. सरावात इतक्या सेकंदांत रोबो बरोबर रेषेवर जायचा. आज तितक्याच सेकंदांत तो कमी अंतर गेला.

मग देवणीचीनं रिमोट घेतला. रोबो निघाला, थांबला. निघाला, थांबला. उचकी लागल्यासारखा. चेंडूजवळ जाऊन हात वर करायला लागला की चारही चाकं मरायची. दोन मिनिटांत एक चेंडू.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय करून राहिलीस? इतके झटके कशाला देतेस?"

"मी न्हाई देत, मॅडम. गाडीच ऐकून न्हाई राहिली."

"बॅटरी चांगली आहे. मीटर लावा, मामा."

"बारा पॉईंट सात," मामा म्हणाले.

"बघ."

मग आम्ही यादीतलं सगळं केलं. वायरी ओढून पाहिल्या. रिमोटचा सिग्नल पाहिला. चाकांत केस अडकलेत का पाहिले. मोटर कंट्रोलर काढून घातले. हे कंट्रोलर म्हणजे प्रत्येक मोटरमागे एक, काडेपेटीएवढे डबे. रिमोटची दांडी जेवढी ढकलली तेवढी वीज मोटरला द्यायची, एवढंच त्यांचं काम. मुरुडची म्हणाली, "मॅडम, चालताना ह्यांचे दिवे विझत होते. चारही, एकदम." मी म्हटलं, "चारही कंट्रोलर एकदम खराब होत नसतात." हे माझं बोलणं बरोबर होतं. फक्त त्याच्या पुढचा विचार मी केला नाही. चारही एकदम विझतात म्हणजे चारींना जे एक सामाईक आहे तेच मरतंय.

दुसरा सामना पहिल्याहून वाईट. रोबो मैदानाच्या मधोमध उभा राहून दिवे उघडझाप करत होता. शेजारच्या टीमचे एक सर हसत म्हणाले, "मॅडम, तुमच्या गाडीला चक्कर येऊन राहिली." माझं डोकं फिरलं.

त्याच वेळी प्राचार्यांचा फोन. "काय झालं? फोटो पाठवा."

"ड्रायव्हर घाबरली आहे, सर," मी म्हटलं. "हात स्थिर नाही. बदलते आहे."

देवणीची माझ्या मागे उभी होती. मला ते माहीत होतं. फोन ठेवून मी वळले, तिच्या गळ्यातला ड्रायव्हरचा बिल्ला काढून घेतला आणि मुरुडचीच्या गळ्यात घातला. ड्रायव्हर बदलायची परवानगी असते. तिसरा सामना चाळीस मिनिटांनी होता.

देवणीची खाली बसली, रोबो उलटा केला, हातानं एकेक चाक फिरवून बघायला लागली. मुरुडचीच म्हणाली, "मॅडम, मला न्हाई जमायचं. मी भिंतीला घालीन."

"घाल. निदान चालेल तरी."

हे बोलल्याचं मला आजही वाईट वाटतं, पण त्या वेळी वाटलं नाही. त्या वेळी मला फक्त राग येत होता. रोबोचा, हॉलच्या गरमीचा, त्या हसणाऱ्या सरांचा, पोरीचा. तीन वर्षं हात हलवत आलो, चौथ्या वर्षी काही होईल असं वाटलं आणि ही बाई घाबरली, असं मी मनात पक्कं करून टाकलं होतं. ट्रॉली उलटी लावणारी पोरगी दोन चेंडूंना कशी घाबरेल, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

खाली बसलेली देवणीची मामांना म्हणाली, "मामा, जीपच्या हेडलाईटचा जादा बल्ब असंल का?"

"डब्यात हाय एक. काय करतीस?"

"आणा तर."

मामा माझ्याकडं न बघता गेले आणि बल्ब घेऊन आले. बारा व्होल्टचा, जाड काचेचा. तिनं दोन वायरींनी तो नव्या बॅटरीला जोडला आणि मामांना मीटर धरायला सांगितलं. जोडायच्या आधी बारा पॉईंट सात. बल्ब लागला. क्षणभर पांढरा, मग पिवळा, मग कावीळ झाल्यासारखा. मीटरवर नऊ आणि काहीतरी, आणि आकडा खाली उतरतच होता.

मग तिनं जुनी बॅटरी ओढली. सकाळपासून मामांनी तिच्यावर वायरींना डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न चालवलं होतं, म्हणजे ती भरलेलीही नव्हती. बल्ब जोडला. डोळे दिपले. मीटर बाराच्या जरा खाली गेला आणि तिथंच थांबला.

मामा हळूच म्हणाले, "नवरी आजारी निघाली."

मला एका दमात सगळं दिसलं. शिसं-आम्लाची बॅटरी वापरली नाही तरी आतल्या आत उतरत राहते. उतरलेली तशीच पडू दिली की तिच्या पट्ट्यांवर थर बसतो, आणि मग ती वीज देईनाशी होते. माझं कपाट पश्चिमेच्या भिंतीला. एप्रिल-मेमध्ये त्या भिंतीला हात लावता येत नाही. दहा महिने मी तिला तिथं कुलपात ठेवलं होतं, एकदाही चार्ज न करता. काही जोडलेलं नसलं की ती बारा पॉईंट सात दाखवायची. चार मोटारींनी एकदम मागितलं की कोसळायची. कंट्रोलरला स्वतःलाच जागं राहायला जेवढं व्होल्टेज लागतं, त्याच्याही खाली. मग तो मोटर सोडून द्यायचा. मोटर सुटली की भार उतरायचा, व्होल्टेज वर यायचं, कंट्रोलर जागा व्हायचा, मोटर पुन्हा जोडायचा, पुन्हा कोसळायचं. ती उचकी. पोरीच्या हाताचा त्यात काही संबंध नव्हता. आणि रेषेच्या आधी थांबणं तेच. कमी व्होल्टेज म्हणजे कमी वेग, मग तितक्याच सेकंदांत कमी अंतर.

मी मुरुडचीच्या गळ्यातून बिल्ला काढला आणि देवणीचीपुढं धरला.

तिनं घेतला नाही. "ठेवा, मॅडम. तिला दिलाय तर तिला चालवू द्या."

"अगं ए," मुरुडची म्हणाली, "मी हात जोडते. घाल तो गळ्यात. रुसायचं ते लातूरला जाऊन रूस."

"रुसले न्हाई मी."

"मग काय करून राहिली?"

"बघून राहिले, मॅडम काय म्हणतेत."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. वेळ थोडा होता. म्हटलं, "चूक माझी आहे. बॅटरी मी कोंडून ठेवली. तुझे हात ठीक आहेत."

"हाव," ती म्हणाली आणि बिल्ला गळ्यात घातला. आणि लगेच, "वीस मिनिटं चार्जरला लावा हिला. जेवढी भरंल तेवढी. मोटारी मी एकदम न्हाई ओढणार."

वीस मिनिटांत जुनी बॅटरी काही भरणार नव्हती. त्यामुळे त्यांनी जे केलं ते मी आता वर्गात सांगते. मुरुडचीनं प्रोग्रॅमच्या रिमोटच्या भागात बदल केला, की दांडी कितीही ढकलली तरी मोटारीनं वेग हळूहळू घ्यावा. सुरुवातीचा धक्काच बॅटरीला सगळ्यात जास्त ओढतो. देवणीचीनं ठरवलं की चाकं थांबलेली असतानाच हात उचलायचा, दोन्ही कामं एका वेळी करायची नाहीत. आणि भिंतीला टेकून चाकं फिरवत राहायचं नाही. अडकलेली मोटार फिरणाऱ्या मोटारीपेक्षा कितीतरी जास्त वीज खाते.

तिसरा सामना. पहिल्या पंधरा सेकंदांत रोबो रेषेवर जाऊन बरोबर उभा राहिला, कारण मुरुडचीचे सगळे आकडे ह्याच बॅटरीवर घेतलेले होते. मग देवणीचीनं रिमोट घेतला. ती मैदानाकडं बघत होती, पण मला दिसत होतं की ती ऐकत होती. मोटारीचा आवाज जड झाला की बोट सैल सोडायची. बाकीचे रोबो धावत होते, आमचा म्हातारीसारखा चालत होता, पण थांबला नाही. चेंडूजवळ जायचं, उभं राहायचं, उचलायचं, वळायचं. शेवटचे दहा सेकंद राहिले तेव्हा ती उताराला लागली. अर्ध्या उतारावर आवाज पडला. तिनं दांडी पूर्ण सोडली, रोबो एक वीतभर मागं घसरला, मग तिनं तिरका घातला आणि वर नेऊन ठेवला.

त्या सामन्यात त्या मैदानावर आमचे गुण सगळ्यांत जास्त होते. पण आधीचे दोन सामने गेलेले होते. यादी लागली तेव्हा आमचं नाव रेषेच्या दोन जागा खाली. पुणं गेलं.

परतताना लोह्याच्या पुढं प्राचार्यांचा फोन आला. जीपमध्ये सहा जणी आणि मामा, त्यामुळे बोलणं लपवायची सोय नव्हती.

"मग ड्रायव्हर बदलल्यावर सुधारलं म्हणायचं?" ते म्हणाले.

"ड्रायव्हर बदलली नाही, सर. दुपारी मी चुकीचं सांगितलं. ती घाबरली नव्हती. नवी बॅटरी मरून पडली होती."

"नवी कशी मरेल? दुकानदाराला धरा."

"दुकानदाराचा दोष नाही. दहा महिने माझ्या कपाटात होती. चार्ज केली नाही. किल्ली माझ्याकडे."

"मग अहवालात काय लिहू?"

"हेच लिहा. नाहीतर मी लिहून देते."

फोन ठेवला. मामा बाहेर बघत होते. मुरुडचीनं बिस्किटाचा पुडा पुढं केला. मग मागच्या बाकावरून देवणीचीचा आवाज आला. "मॅडम, दिवाळीला आम्ही तुमच्या घरी आलतो ना. तुम्ही स्टीलच्या पेल्यात चहा दिला. काचेच्या कपाटात ते निळ्या फुलाचे कप होते, ते कुणासाठी हायेत?"

सगळ्या हसल्या. मामा सगळ्यांत मोठ्यानं.

"गप बसा," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी नवी बॅटरी आली की आल्या दिवशी जोडायची. सरावाला तीच. मीटर लावायचा तो बल्ब जोडून."

"पुढच्या वर्षी मी न्हाई, मॅडम," ती म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही. गाव कुठलं विचारल्यावर सांगावं तसं.

मी बिस्किटाचा पुडा मागं तिच्याकडं दिला.

सोमवारी मी अहवाल स्वतः लिहिला आणि सही केली. ड्रायव्हरच्या रकान्यात तिचं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढं लिहिलं: तिन्ही सामने हिनेच चालवले, दोष आढळला नाही, बिघाड हिनेच शोधला. तिला एक प्रत दिली. तिनं उभ्या उभ्या वाचली, घडी घालून दप्तरात टाकली आणि म्हणाली, "बल्ब जीपचा हाय, मॅडम. मामाला परत द्यायला सांगा."

मामांना मी जीपसाठी दुसरा बल्ब घेऊन दिला. पहिला प्रयोगशाळेत मीटरच्या शेजारी टांगलेला आहे. कपाटाला आता कुलूप नसतं.